नेटवर्क फाइलसिस्टिमचा सामाईक कोड: एकत्र आणावा की ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा?

आडवाट

लिनक्स कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) नेटएफएस लायब्ररी, म्हणजे नेटवर्क फाइलसिस्टिमांचा सामाईक कोड, सध्या वाचतोय, आणि वाचता वाचता एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय. इथे कर्नलवर काम करणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतो.

आमच्याकडे एक नेटवर्क फाइलसिस्टिम आहे, म्हणजे सर्व्हरवरच्या फायली स्थानिक असल्यासारख्या वापरू देणारी व्यवस्था. प्रोटोकॉल आमचा, सर्व्हर आमचा, आणि क्लायंट म्हणजे मेनलाइनबाहेर (अधिकृत लिनक्स कोडच्या बाहेर) सांभाळलेलं एक कर्नल मॉड्यूल. प्रोटोकॉलचा भाग व्यवस्थित आहे, त्याला कोणी हात लावत नाही. पण पेज कॅशेशी, म्हणजे फायलींचा मजकूर मेमरीत पेजांच्या रूपात धरून ठेवणाऱ्या साठ्याशी, बोलणारा भाग दर एक-दोन वर्षांनी उघडावा लागतो. कर्नल ५.८ मध्ये पेजं वाचून भरणाऱ्या रीडपेजेस या फंक्शनच्या जागी रीडअहेड आलं, मग ५.१६ मध्ये फोलिओ (पेजांचे गठ्ठे) आले. फाइलसिस्टिममध्ये काहीच बदललेलं नसतं, मेमरी मॅनेजमेंटवाल्यांचं बदललेलं असतं, आणि काम आमच्या गळ्यात पडतं.

पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी: एनएफएस, सीआयएफएस, एएफएस, सेफ, नाइनपी या सगळ्यांचे प्रोटोकॉल वेगळे. पण सर्व्हरकडून आलेला डेटा पेज कॅशेत भरणं, डर्टी (बदललेली, पण सर्व्हरवर अजून न गेलेली) पेजं गोळा करून परत पाठवणं, स्थानिक डिस्कवर कॅशे असेल तर तिथेही एक प्रत टाकणं, ही कामं सगळ्यांनाच करावी लागतात. पूर्वी प्रत्येकाने ती आपापली लिहिली होती. २०२१ मध्ये, ५.१३ पासून, डेव्हिड हॉवेल्स यांनी ती एका लायब्ररीत आणायला सुरुवात केली. आधी एएफएस आणि सेफचं वाचन, मग ६.८ मध्ये लिहिण्याचा मोठा भाग, ६.१० मध्ये सीआयएफएस.

माझं मत एकत्र करण्याच्या बाजूने आहे. तीच गुंतागुंत पाच ठिकाणी पाच जणांनी सांभाळावी, याला मला तरी काही कारण दिसत नाही. पण आमच्या मॉड्यूलचं काय करावं? लायब्ररीवर न्यावं का, आणि न्यायचं तर कुठल्या टोकाने सुरुवात करावी? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पाणबुडी

उत्तम विषय. बसायला जागा धरतेय.

तळघर

मी विरुद्ध बाजूने लिहितो. आडवाट, तुम्ही ज्याला सामाईक म्हणताय ते वरवर पाहिलं की सामाईक दिसतं. आत शिरलं की प्रत्येकाची वाट वेगळी.

एकच उदाहरण घेऊ. अॅप्लिकेशनने फाइलमधले ८ एमबी मागितले, तर सर्व्हरकडे किती तुकडे करून मागायचे? एनएफएसमध्ये माउंट करताना सर्व्हरशी बोलून एक कमाल आकार ठरतो, त्याने भागलं की झालं. सेफमध्ये फाइल ऑब्जेक्टांत विभागलेली असते, नेहमीचा आकार ४ एमबी, आणि ऑब्जेक्ट वेगवेगळ्या सर्व्हरांवर असू शकतात. त्यामुळे तुकडा ऑब्जेक्टची हद्द ओलांडू शकत नाही. एसएमबीत, म्हणजे सीआयएफएसच्या प्रोटोकॉलात, तर क्रेडिटचा मामला. सर्व्हर क्लायंटला क्रेडिट देतो, दर ६४ केबीला एक खर्च होतं, आणि हाताशी किती आहेत हे विनंती पाठवायच्या क्षणापर्यंत कळत नाही. म्हणजे तुकडा केवढा हे एकाला माउंट करताना कळतं, दुसऱ्याला फाइलचा नकाशा पाहून, तिसऱ्याला अगदी शेवटच्या क्षणी. आता हे सगळं एका फंक्शनात कोंबा, त्याला चार हूक (फाइलसिस्टिमने आपला कोड जोडायच्या जागा) लावा, आणि त्याला सामाईक कोड म्हणा.

हूक वाढत जातात, लायब्ररीत प्रत्येकाच्या खास गरजेसाठी एक फ्लॅग येतो, आणि शेवटी कोणालाच पूर्ण न कळणारा कोड तयार होतो. त्यापेक्षा पाच साधे कोड बरे.

खटपट्या

तळघर यांच्याशी सहमत. शिवाय हूक म्हणजे दर तुकड्याला फंक्शन पॉइंटरमधून उडी. २०१८ च्या स्पेक्टर या प्रोसेसरच्या सुरक्षा-दोषानंतर अशा उड्या महाग झाल्यात.

पाणबुडी

@खटपट्या, पलीकडे नेटवर्क आहे हो. सर्व्हरकडे जाऊन यायला जो वेळ लागतो त्यात अशा हजारो उड्या बसतील. हा मुद्दा टिकत नाही.

मुळाक्षर

तळघर यांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. थोडं सविस्तर लिहिते.

सारख्या दिसणाऱ्या ओळी उचलून एका फायलीत टाकणं, एवढ्याला रिफॅक्टरिंग (वागणं न बदलता कोडची रचना बदलणं) म्हटलं तर तुम्ही म्हणता तसंच होईल. पण नेटएफएसमध्ये जे झालंय त्याचा गाभा वेगळा आहे. तिथे मालकी बदलली आहे. पेज कोणाचं, ते कधी लॉक करायचं, कधी भरलं म्हणायचं, कधी स्वच्छ म्हणायचं, हे सगळं लायब्ररीकडे गेलं. फाइलसिस्टिमच्या हातात पेज येतच नाही. तिला मिळतो एक इटरेटर: अमुक ऑफसेटपासून अमुक लांबी, इथे भर, नाहीतर इथून पाठव, आणि झालं की कळव. त्या इटरेटरमागे फोलिओ आहेत, पेज कॅशे टाळणाऱ्या डायरेक्ट आयओचा युजर बफर आहे की आणखी काही, याच्याशी फाइलसिस्टिमला देणंघेणं नाही.

वाचनातलाच एक प्रसंग बघा. क्लायंटने १ एमबी मागितलं, सर्व्हरने ३०० केबी दिलं. का? एक शक्यता, फाइल तिथेच संपली. मग उरलेला भाग शून्यांनी भरायचा आणि पेजं भरली असं जाहीर करायचं. दुसरी शक्यता, सर्व्हरने काही कारणाने कमी दिलं, फाइल पुढे आहे. मग उरलेलं पुन्हा मागायचं. तिसरी, आपण मागितल्यानंतर कोणीतरी दुसऱ्या क्लायंटवरून फाइल छोटी केली. या तिन्हींत गल्लत झाली तर फाइलच्या मधोमध शून्यं दिसतात. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, वाचणाऱ्या प्रोग्रामला चुकीचा डेटा खरा म्हणून मिळतो. पाच फाइलसिस्टिममध्ये हा निर्णय पाच वेळा लिहिला जाणार असेल तर निदान एकीत तरी तो अर्धवट राहणारच. तो एकदा नीट लिहून, त्यावर ट्रेसपॉइंट (काय घडतंय ते नोंदवणाऱ्या खुणा) लावून, एका जागी तपासता येतो, आणि मला तरी लायब्ररीचं सगळ्यात मोठं मोल हेच वाटतं.

तुमच्या तुकड्यांच्या उदाहरणाबद्दल: लायब्ररी विनंतीचे सबरिक्वेस्ट, म्हणजे छोटे तुकडे, करते, आणि प्रत्येक पाठवण्याआधी फाइलसिस्टिमला विचारते, किती झेपेल? सेफ हद्द पाहून सांगते, सीआयएफएस क्रेडिट मोजून. हूक आहे हे खरं, पण तो एकाच प्रश्नाचा आहे आणि त्याचं उत्तर एक आकडा आहे.

बिनतारी

मुळाक्षर, प्रतिसाद फार आवडला. शून्यांचा परिच्छेद आमच्या टीमच्या गटावर टाकतोय.

सावकाश

आतापर्यंत सगळे लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलले. मी जुनी कर्नल सांभाळतो, माझी बाजूही ऐका.

ग्राहकांकडे ५.१० आणि ५.१५ च्या शाखा चालू आहेत. मेनलाइनमध्ये सीआयएफएसच्या वाचनात काही दुरुस्ती झाली की ती मला खाली आणायची असते. रिफॅक्टरिंगआधी बहुतेक वेळा पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, जसाच्या तसा बसायचा, फार तर दोन ओळी हलवायच्या. आता ज्या फंक्शनात दुरुस्ती झाली ते फंक्शनच माझ्याकडे नाही. तिथला दोष जुन्या कोडमध्ये आहे का, असेल तर कुठल्या रूपात आहे, हे मुळापासून शोधावं लागतं. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्यावर घड्याळही चालू असतं. त्यात २०२३ मध्ये डिरेक्टरीही हलली, सीआयएफएसचा क्लायंट एसएमबीच्या छत्राखाली गेला, म्हणजे पाथही जुळेना.

रिफॅक्टरिंग करू नका असं मी म्हणत नाही. पण त्याची किंमत ज्यांनी केलं त्यांच्या खात्यात दिसत नाही, आमच्या खात्यात दिसते. चर्चेत निदान ती मोजली तरी जावी.

तळघर

@सावकाश +१. आणि सीआयएफएस ६.१० मध्ये नेल्यावर पुढच्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्यांची रांग लागली होती, तेही नोंदवून ठेवतो. ६.१२ मध्ये फोलिओंची रांग वापरणारा नवा इटरेटर आला, पुन्हा वाचनाचा मार्ग हलला.

पाणबुडी

दुरुस्त्या आल्या कारण वापर वाढला आणि लोकांनी कळवलं. त्यातल्या कितीतरी दुरुस्त्यांचा फायदा एएफएस आणि नाइनपीलाही आपसूक मिळाला, हे पण त्याच वहीत लिहा की.

आडवाट

सगळ्यांचे आभार. सावकाश यांचा मुद्दा आमच्याकडे उलटा लागू होतो: आम्हाला एकच मॉड्यूल अनेक कर्नलांवर चालवावं लागतं, आणि लायब्ररी जुन्या कर्नलांत नाहीच. म्हणजे काही काळ दोन्ही मार्ग बाळगावे लागणार. त्यावर कोणी काही केलंय का?

रानवारा

दोन्ही मार्ग बाळगण्याबद्दल सांगण्याआधी वेगळी गोष्ट सांगतो, कारण ती एकत्रीकरणाची हद्द कुठे आखावी याबद्दल आहे.

एका जुन्या नोकरीत क्लायंटच्या कोडची साफसफाई चालू होती. एका वरिष्ठाच्या लक्षात आलं की उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा हे लॉजिक प्रत्येक ऑपरेशनमध्ये वेगवेगळं लिहिलंय. त्यांनी ते एका फंक्शनात आणलं. रिव्ह्यूत सगळ्यांना छान वाटलं, ओळी बऱ्याच कमी झाल्या. वाचनाला ते लागू केलं, काही बिघडलं नाही, कारण तेच ऑफसेट दोनदा वाचलं तरी फरक पडत नाही. मग डिरेक्टरी बनवणं, नाव बदलणं, फाइल उडवणं यांनाही तेच लावलं.

नेटवर्क जरा डगमगलं की मग असं व्हायचं: क्लायंटने डिरेक्टरी बनवायला सांगितली, सर्व्हरने बनवली, उत्तर वाटेत हरवलं. क्लायंटने पुन्हा पाठवलं. सर्व्हर म्हणाला, ती तर आधीच आहे. प्रोग्रामला एरर मिळाला आणि रात्रीचं काम अर्ध्यावर थांबलं. फाइल उडवतानाही तेच, फक्त उत्तर अशी फाइलच नाही असं. हा दोष प्रयोगशाळेत दिसायचा नाही, कारण तिथे उत्तरं हरवत नाहीत.

एनएफएसचे सर्व्हर या दुखण्यासाठी अलीकडची उत्तरं लक्षात ठेवतात आणि तीच विनंती परत आली तर जुनंच उत्तर देतात. एनएफएस ४.१ मध्ये सेशन आले तेव्हा ही सोय प्रोटोकॉलमध्येच पक्की झाली. ज्या प्रोटोकॉलात ही सोय नाही तिथे वाचनाचा रीट्राय (पुन्हा पाठवणं) आणि नाव बदलण्याचा रीट्राय या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, ओळी कितीही सारख्या दिसोत. नेटएफएस फाइलमधल्या डेटापुरतं थांबतं, मेटाडेटाला (नावं, डिरेक्टऱ्या वगैरेंना) हात लावत नाही, ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. आडवाट, तुम्हीही तिथेच थांबा.

मुळाक्षर

रानवारा यांच्या मुद्द्याला जोडून, डेटाच्या आतही एक हद्द आहे. एनएफएस अजून लायब्ररीवर पूर्ण का आलं नाही? त्याने स्थानिक कॅशेच्या वाचनापुरती ती घेतली, ६.४ मध्ये. लिहिण्याचा मार्ग स्वतःचाच ठेवला.

कारण असं. बाकीच्यांमध्ये सर्व्हरने लिहिलं असं कळवलं की पेज स्वच्छ. एनएफएस ३ पासून, म्हणजे १९९५ च्या आरएफसी १८१३ पासून, सर्व्हर म्हणू शकतो, डेटा मिळाला पण अजून माझ्या मेमरीतच आहे. अशी पेजं क्लायंटला सोडता येत नाहीत. तो नंतर कमिट पाठवतो, त्याचं उत्तर आलं की मग सुटतात. प्रत्येक उत्तराबरोबर ८ बाइटचा एक व्हेरिफायर येतो. सर्व्हर मध्येच रीबूट झाला तर तो बदलतो, आणि क्लायंटला कळतं की आधी पाठवलेलं पुसलं गेलं असणार, पुन्हा पाठवा. म्हणजे इथे पेजला डर्टी आणि स्वच्छ यांच्यामध्ये तिसरी अवस्था आहे. मालकी लायब्ररीकडे द्यायची तर ही अवस्था लायब्ररीला कळायला हवी, आणि बाकी कोणाला तिची गरज नाही.

सेफचंही थोडं तसंच. स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतला की त्याआधीची डर्टी पेजं त्या स्नॅपशॉटच्या नावाने, आणि आधी, लिहावी लागतात. लायब्ररीत पेजांना गट जोडायची सोय त्यासाठीच आली. तेव्हा तळघर यांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही. आपल्या फाइलसिस्टिममध्ये पेज कुठल्या कुठल्या अवस्थांतून जातं ते आधी कागदावर काढा. लायब्ररीच्या चित्राशी जुळलं तर जा, नाहीतर वाचनावर थांबा.

तळघर

हे मान्य. अवस्था जुळल्या तर माझी हरकत उरत नाही. माझा विरोध ओळी मोजून एकत्र करण्याला आहे.

खटपट्या

थोडं अवांतर: सर्व्हर गेला की एनएफएसवर अडकलेला प्रोसेस किल करूनही मरत नाही, हे अजून तसंच आहे का? आमच्याकडे जुन्या मशीनवर रीबूटशिवाय इलाज नसायचा.

पाणबुडी

तो अश्वत्थामा २००८ पर्यंतचा. कर्नल २.६.२५ मध्ये वाट बघणाऱ्या प्रोसेसच्या झोपेची किलेबल अवस्था आली, तेव्हापासून सिगकिलने (प्रोसेस मारायच्या सिग्नलने) उठवता येतं. त्याआधी इंटर नावाचा माउंट पर्याय असायचा, आता तो दिला तरी कर्नल दुर्लक्ष करतो. मात्र तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये कोणी जुन्या पद्धतीची, न उठणारी झोप वापरली असेल तर अश्वत्थामा परत येतो. आडवाट, रिफॅक्टर करताना प्रत्येक वेट (कोड थांबतो ती जागा) शोधून बघा.

बिनतारी

अवांतरातून मुद्द्यावर येतो. एररचं काय, हे कोणी बोललं नाही. पेज कॅशेत लिहिलं की प्रोग्रामला लगेच यश मिळतं. सर्व्हरवर जागा संपलीय हे नंतर, राइटबॅक करताना, म्हणजे पेजं सर्व्हरकडे पाठवताना, कळतं. तो एरर एफसिंकपर्यंत, म्हणजे डेटा पक्का करून घेणाऱ्या कॉलपर्यंत, पोचायला हवा. कर्नल ४.१३ च्या आधी मॅपिंगवर (फाइलच्या पेजांच्या नोंदीवर) नुसती एक खूण असायची. पहिल्याने विचारलं की पुसली जायची, तीच फाइल दुसऱ्या डिस्क्रिप्टरवर उघडणाऱ्याला सगळं आलबेल वाटायचं. आता एररला क्रमांक असतो आणि प्रत्येक उघडी फाइल आपण शेवटचा कुठला पाहिला हे लक्षात ठेवते.

कोड हलवताना सगळ्यात आधी हीच एक ओळ गळते. जुन्या कोडमध्ये राइटबॅकच्या शेवटी मॅपिंगवर एरर नोंदवलेला असतो, नव्यात प्रत्येकाला वाटतं दुसरा नोंदवेल. सगळ्या चाचण्या हिरव्या, कारण चाचणीत सर्व्हरची डिस्क भरत नाही. सर्व्हरवर मुद्दाम छोटं व्हॉल्यूम ठेवा, भरेपर्यंत लिहा, आणि दोन वेगवेगळ्या डिस्क्रिप्टरवर एफसिंक करून दोन्हीकडे एरर मिळतो का बघा.

सावकाश

बिनतारी, हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. याच जातीचं आणखी एक: मेमरी. कर्नलला मेमरी कमी पडली की ते डर्टी पेजं लिहून मोकळी करायला सांगतं. पण नेटवर्कवर लिहायचं तर विनंतीसाठी स्ट्रक्चर लागतं, पॅकेट लागतं, म्हणजे मेमरी मोकळी करायलाच मेमरी लागते. ती मिळाली नाही तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. नेटएफएसने यासाठी ६.१० मध्ये विनंत्या आणि सबरिक्वेस्ट मेमपूलमधून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे अगदी कडकीतही थोडा साठा राखीव. मेनलाइनबाहेरच्या मॉड्यूलांत ही सोय मी क्वचितच पाहिली आहे.

मी वर तक्रार केली होती, पण लायब्ररीकडे जायला माझ्या लेखी हे सगळ्यात सबळ कारण आहे.

रानवारा

आडवाट यांच्या दोन मार्गांच्या प्रश्नाकडे येतो. दोन पद्धती मी जवळून पाहिल्यात.

एक फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची. तिथे रिक मॅक्लेम यांनी नवा एनएफएस क्लायंट आणि सर्व्हर जुन्याच्या शेजारी उभा केला. दोन्ही काही काळ एकाच ट्रीमध्ये. ९.० मध्ये, २०१२ साली, नवा हा डिफॉल्ट झाला, जुना लगेच काढला नाही. ज्याला अडचण आली त्याला परत जायची वाट होती. जुना पुढे यथावकाश गेला.

दुसरी लिनक्समध्ये ५.१७ च्या वेळी एफएसकॅशेबाबत, म्हणजे स्थानिक डिस्कवरच्या कॅशेच्या कोडबाबत, दिसली. जुना कोड इतका गुंतला होता की आधी सगळ्या फाइलसिस्टिममधून त्याचा वापर बंद केला, मग एका पॅचने आतलं सगळं रिकामं केलं, आणि मग नवं लिहून एकेक फाइलसिस्टिम परत जोडली. पॅचमालिकेच्या कुठल्याही टप्प्यावर कर्नल बिल्ड होतं, पण मधल्या टप्प्यांवर कॅशे नसते. म्हणजे बायसेक्ट करताना (दोष कुठल्या पॅचने आला ते शोधताना) कॅशेचा दोष असेल तर बोट एकाच मोठ्या पॅचवर येणार. ते त्यांनी जाणूनबुजून पत्करलं, कारण जुन्यातून नव्यात पायरीपायरीने जाता येत नव्हतं.

कॅशे हरवली तर फाइलसिस्टिम फक्त हळू होते, म्हणून ते चाललं. डेटाच्या मार्गावर मी असं कधीच करणार नाही. तिथे फ्रीबीएसडीची पद्धत: माउंटच्या वेळी निवडता येईल असे दोन मार्ग, आणि खालचं, म्हणजे वायरवरचं, प्रत्यक्ष नेटवर्कशी बोलणारं, फंक्शन एकच.

मुळाक्षर

वायरवरचं फंक्शन एकच, ही मेख आहे. तुमच्या जुन्या कोडमध्ये प्रोटोकॉलचं फंक्शन पेजांची यादी घेत असेल ना? आधी फक्त ते बदला. पेजांऐवजी इटरेटर घेऊ दे, आणि जुना मार्गच पेजांवरून इटरेटर बनवून त्याला देऊ दे. वागण्यात काडीचाही फरक नको. हा पॅच एकटा चालवा, जुन्या कर्नलांवरही. त्यानंतर लायब्ररी जोडणं फारच सोपं जातं, कारण लायब्ररीला तुमच्याकडून तेवढंच हवं असतं.

आणि इनोडचा (कर्नलमधल्या फाइलच्या नोंदीचा) बदल वेगळ्या पॅचमध्ये ठेवा. सुरुवातीला नेटएफएसचा संदर्भ इनोडच्या लगेच पुढे आहे असं गृहीत धरून पॉइंटर एकने पुढे सरकवला जायचा. जीसीसी १२ आल्यावर कंपायलरला वाटलं की कोड इनोडच्या बाहेर लिहितोय, आणि इशारे सुरू झाले. ५.१९ मध्ये इनोडच नेटएफएसच्या स्ट्रक्चरमध्ये बसवला. त्यामुळे सगळ्या संबंधित फाइलसिस्टिममध्ये इनोडकडे जाणारी प्रत्येक ओळ बदलली. हा बदल यांत्रिक आहे, कॉक्सिनेलसारख्या साधनाने करता येतो, पण लॉजिकच्या बदलात मिसळला तर रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल शोधताच येणार नाही.

बिनतारी

पुन्हा +१. फरक नसलेले पॅच आणि फरक असलेले पॅच एकत्र आले की मी रिव्ह्यू परत पाठवतो, मग लिहिणारा कितीही ओळखीचा असो.

पाणबुडी

तुकडे पाडून पॅच पाठवणाऱ्याचं भलं होवो. रिव्ह्यू करणाऱ्यांच्या वतीने आशीर्वाद.

आडवाट

सगळं नीट वाचलं, टीमबरोबर बसून आमच्या पेजांच्या अवस्थाही काढल्या. आमच्याकडे कमिटसारखं काही नाही, सर्व्हर डिस्कवर गेल्याशिवाय उत्तर देत नाही. स्नॅपशॉट सर्व्हरच घेतो, क्लायंटला क्रम पाळावा लागत नाही. म्हणजे मुळाक्षर यांच्या कसोटीवर आम्ही लायब्ररीच्या चित्रात बसतो.

ठरलंय ते असं. पहिल्यांदा वायरवरचं फंक्शन इटरेटरवर नेणार, सगळ्या कर्नलांसाठी. मग नव्या कर्नलांवर वाचन लायब्ररीकडे, माउंट पर्यायाने जुना मार्गही उपलब्ध. लिहिण्याला हात त्यानंतरच, आणि त्याआधी बिनतारी यांची भरलेल्या व्हॉल्यूमची चाचणी व सावकाश यांची मेमरीच्या कडकीतली चाचणी जुन्या कोडवर चालवून घेणार. जुन्यावरच नापास झाली तर ते आधी कळलेलं बरं. मेटाडेटाचा रीट्राय जिथे आहे तिथेच.

एक शंका राहिली. लिहिण्याच्या मार्गासाठी फाइलसिस्टिमांच्या नेहमीच्या चाचण्या, म्हणजे एक्सएफएसटेस्ट आणि त्यातलं एफएसएक्स, पुरेसं आहे का?

रानवारा

एफएसएक्स अवश्य चालवा, तो वाचन, लेखन, एममॅप (फाइल थेट मेमरीत जोडून वापरणं) आणि फाइल छोटी करणं यांची सरमिसळ करतो आणि प्रत्येक वेळी मजकूर पडताळतो. मुळाक्षर यांनी सांगितलेली मधली शून्यं तो पकडतो. पण तो एका क्लायंटपुरता. दोन क्लायंटवरून एकाच फाइलवर, आणि मध्ये नेटेम लावून पॅकेट हरवत, उशीर करत चालवा. सर्व्हर मध्येच बंद करून उठवा. लॉकडेप आणि कासान (लॉकच्या व मेमरीच्या चुका पकडणारी साधनं) चालू ठेवलेल्या कर्नलवर हे सगळं, हळू झालं तरी चालेल.

मुळाक्षर

आणि एममॅपची एक वेगळी चाचणी. पेज वायरवर जात असताना प्रोग्रामने एममॅपमधून त्यात लिहिलं तर काय होतं? तुमच्या प्रोटोकॉलात पाठवलेल्या डेटावर चेकसम किंवा सही आहे का? एसएमबीत सायनिंग चालू असेल तर सही काढल्यावर बाइट बदलला की सर्व्हर ते पाकीट नाकारतो. म्हणून पेज लिहिण्यायोग्य करण्याआधी राइटबॅक संपायची वाट बघावी लागते. लायब्ररी ती बघते. तुमचा जुना मार्ग बघतो का?

आडवाट

चेकसम आहे. जुना मार्ग वाट बघत नाही, तो विनंतीआधी पेजाची प्रत काढून प्रत पाठवतो. म्हणजे लायब्ररीवर गेल्यावर ती प्रत काढणंही जाईल.

मुळाक्षर

जाईल, पण एममॅपमधून सतत लिहिणाऱ्या प्रोग्रामला आता राइटबॅकसाठी थांबावं लागेल, आधी लागत नव्हतं. तुमच्याकडे तसा वापर कोणाचा असेल तर त्यांच्याबरोबर आधी मोजून बघा. आकडे आले की इथे टाका.

आडवाट

आहे एक टीम तशी. वाचनाचा भाग मर्ज झाला की त्यांच्याबरोबरच मोजतो आणि याच धाग्यावर लिहितो.